जुन्या सायकलींचे सुटे भाग, तेही विनामूल्य

पुण्यातील पेठेतल्या एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात रॅले, बीएसए, हंबर अशा जुन्या सायकलींचे उरलेले सुटे भाग हौशी मंडळींना विनामूल्य दिले जातात. अट एवढीच की भाग स्वतःच्या सायकलीला बसवायचा, विकायचा नाही. फुकट म्हणून काहीही गळ्यात मारत नाहीत, हे विशेष. रॅलेच्या बॉटम ब्रॅकेटला (पायडलचा आस ज्यात फिरतो तो भाग) इंचाला २६ आटे असतात आणि इतर बहुतेक इंग्लिश सायकलींना २४, त्यामुळे मालक त्यात बसणारा आट्यांचा कप आधी फिरवून पाहतात. मला मिळालेल्या स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीच्या तीन गिअरच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) ठोकलेले निर्मितीचे साल स्पष्ट वाचता येते. गिअर बदलण्याची बारीक साखळी मात्र पार गंजलेली निघाली. कॉटर पिना (पायडलचा दांडा आसाला घट्ट धरणाऱ्या खिळी) वेगवेगळ्या जाडीच्या, पण सगळ्या एकाच डब्यात कोंबलेल्या असल्याने जाताना जाडी मोजायला व्हर्नियर कॅलिपर आणि सवड, दोन्ही सोबत असावी.