धक्का की धास्ती? भयपट निवडायच्या वहीचे आठ महिने

गेल्या वर्षी ३१ ऑक्टोबरला आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत आठ माणसं दाटीवाटीने बसली होती. रात्री साडेनऊ ते साडेबारा या वेळात आम्ही तीन सिनेमे लावले आणि तिन्ही अर्ध्यावर बंद केले. तिन्ही कुठल्या ना कुठल्या 'सर्वोत्तम भयपट' यादीतले. पहिल्यात इतकं रक्त की धाकटी मावसबहीण उठून स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्यात दर पाच मिनिटांनी नुसता कानठळ्या बसवणारा दणका. तिसरा कदाचित चांगला असेल, पण तोवर निम्मी मंडळी मोबाइलमध्ये गेली होती. कोणी बोरिवलीहून येतं, कोणी पनवेलहून. शेवटची लोकल चुकवून राहायच्या तयारीने येतात. वर्षातून ही एकच रात्र आम्ही सगळी मावसभावंडं एकत्र असतो, आणि ती माझ्या निवडीमुळे वाया गेली हे मला फार लागलं.

म्हणून मार्चमध्ये एक दोनशे पानी वही घेतली आणि सिनेमे शोधायची पद्धतच बदलली. आता आठ महिने होतील. वहीत ४७ सिनेमे आहेत. त्यांतले ३१ पूर्ण बघितले, बाकीचे सोडले. ही पद्धत कुठे उपयोगी पडली आणि कुठे फसली, ते लिहिते.

वहीत चार रकाने आहेत: कोणी केला, भीती कशाची, धक्का की धास्ती, आणि कोणाबरोबर बघावा. दहापैकी किती गुण, याचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही.

तो का नाही, ते आधी सांगते. अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची कंपनी सिनेमा लागतो त्या रात्री प्रेक्षकांनाच विचारून ए ते एफ अशी श्रेणी देते. 'हेरेडिटरी' (२०१८) या सिनेमाला त्यांनी दिली डी प्लस. 'द विच'ला सी मायनस. समीक्षकांनी हे दोन्ही सिनेमे डोक्यावर घेतले होते. त्याआधीचं उदाहरण 'द थिंग'चं. १९८२ साली तो आला तेव्हा समीक्षकांनी झोडपला, गल्लाही जेमतेम जमला, आणि आज भयपटांच्या कुठल्याही गंभीर चर्चेत त्याचं नाव पहिल्या काहींत येतं. आपल्याकडचा 'तुंबाड' बघा. ऑक्टोबर २०१८मध्ये आला तेव्हा माफक चालला आणि सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लावला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. सिनेमा तोच होता.

मला वाटतं, विनोदी सिनेमाला सगळं थिएटर बहुतेक एकाच जागी हसतं. भीती मात्र ज्याची त्याची असते. मला पाण्याची आणि ओलीची भीती वाटते. मावसभावाला लिफ्टची. आईला रात्री कोणीतरी आपल्या नावाने हाक मारल्याची. या तिघांनी दिलेले गुण एकत्र करून सरासरी काढली, तर येणारा आकडा तिघांपैकी एकाच्याही कामाचा नसतो. भयपटाच्या बाबतीत सरासरी फसवते, यावर माझा आता पक्का विश्वास आहे.

तेव्हा दुसरा रकाना, 'भीती कशाची', हा सगळ्यात महत्त्वाचा. तो सिनेमा न बघता भरायचा कसा, यात माझा मार्च-एप्रिल गेला. शेवटी असं लक्षात आलं की पाच तारे देणाऱ्यांपेक्षा एक तारा देणारे जास्त उपयोगाचं लिहितात. भारावलेला माणूस 'जबरदस्त' म्हणून मोकळा होतो. वैतागलेला माणूस नेमकं काय खटकलं ते सांगतो. 'दोन तास नुसत्या रिकाम्या खोल्या दाखवल्या', 'शेवटपर्यंत भूत दिसतच नाही', 'सगळं घरगुती भांडण आहे' असं कोणी रागाने लिहिलेलं दिसलं की मी तो सिनेमा वहीत उतरवते, कारण मला तेच हवं असतं. तुम्हाला हवं ते वेगळं असेल, पण तक्रारी वाचायची युक्ती तुम्हालाही चालेल.

याच रकान्यामुळे मला 'डार्क वॉटर' मिळाला. २००२चा जपानी सिनेमा, दिग्दर्शक हिदेओ नाकाता, म्हणजे ज्यांनी १९९८मध्ये 'रिंगू' केला तेच. घटस्फोटाच्या खटल्यात अडकलेली एक आई लहान मुलीला घेऊन जुनाट इमारतीत राहायला येते, आणि छतावरचा ओलीचा डाग दिवसेंदिवस वाढत जातो. आमची खोली शेवटच्या मजल्यावर, वर उघडी गच्ची. दर पावसाळ्यात मोरीच्या बाजूच्या कोपऱ्यात छत गळतं. खाली पातेलं ठेवतो आणि टपटप आवाज येऊ नये म्हणून त्यात जुनं फडकं टाकतो. जुलैत एका रात्री आई झोपल्यावर मी हा सिनेमा लावला. बाहेर धो धो पाऊस. अर्ध्या तासाने पाणी प्यायला उठले, सिनेमा थांबवला, आणि टपटप चालूच राहिली. पातेलं भरलं होतं, फडकं पाण्याखाली गेलं होतं आणि थेंब थेट पाण्यावर पडत होते. मी दिवा लावला, पातेलं रिकामं केलं, फडकं पिळून परत टाकलं आणि उरलेला सिनेमा दुसऱ्या दिवशी सकाळी बघितला. त्या सिनेमात रक्त नाही. एक लाल पिशवी आहे, एक नळ आहे, एक लिफ्ट आहे. शेवट बघून मी घाबरले त्यापेक्षा रडले जास्त. कुठल्याही 'पहिल्या दहा'मधून तो माझ्यापर्यंत आला नसता.

तिसरा रकाना धक्का की धास्ती. धक्का म्हणजे शांततेत अचानक काहीतरी अंगावर येणं. धास्ती म्हणजे काहीही न येता पोटात गोळा येणं. दोन्हींना जागा आहे, आणि धक्का म्हणजे हलका प्रकार असं मी अजिबात मानत नाही. नीट केलेला धक्का बघायचा असेल तर १९४२चा 'कॅट पीपल' बघा. रात्रीच्या रस्त्यावरून एक बाई एकटी चालली आहे, मागे पावलांचा आवाज येतोय, मग तोही थांबतो. ती घाबरून चालायचा वेग वाढवते, आपण श्वास रोखतो, आणि फिस्सकन आवाज करत एक बस पडद्यावर घुसते. फक्त बस! निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या नावावरून या क्लृप्तीला सिनेमावाले अजूनही 'ल्यूटन बस' म्हणतात. तो सिनेमा बघितल्यानंतर दोन दिवस चर्नी रोडला बेस्टच्या बसचं दार उघडताना होणारा हवेचा आवाज ऐकून मी दचकत होते. धक्का बसायच्या आधी धास्ती पुरेशी साठवली असेल तर तो असा टिकतो. नुसत्या आवाजाचा धक्का मिनिटभरात विरतो.

ज्यांना धक्के सोसत नाहीत, उदाहरणार्थ आमच्या मोठ्या मावसबहिणीला, कारण तिला रक्तदाब आहे, त्यांच्यासाठी 'व्हेअर्स द जंप' नावाची वेबसाइट फार कामाची आहे. कुठल्या मिनिटाला धक्का आहे ते त्यावर लिहिलेलं असतं. धाकटीला मुक्या जनावराचे हाल बघवत नाहीत, तिच्यासाठी 'डझ द डॉग डाय' बघते. सिनेमात कुत्रा मरतो का, इथपासून बऱ्याच गोष्टी प्रेक्षकांनी तिथे नोंदवलेल्या असतात. चौथा रकाना मी या दोन ठिकाणांवरून भरते.

पैसे न घालता सुरुवात करायची असेल तर जुन्यापासून करा. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) सगळ्यांसाठी खुला आहे, कारण ऐन वेळी नाव बदलताना कॉपीराइटची ओळच पडद्यावरून गळली. 'नोस्फेरातू' (१९२२) परवानगीशिवाय 'ड्रॅक्युला'वर बेतला होता म्हणून कोर्टाने त्याच्या सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या होत्या. तरीही काही वाचल्या, आणि आज आपण तो घरबसल्या बघू शकतो. 'कार्निव्हल ऑफ सोल्स' (१९६२) मी एप्रिलमध्ये बघितला, त्यातला ऑर्गनचा सूर अजून डोक्यातून जात नाही.

आता टीव्हीबद्दल, कारण इथे माझे दोन महिने फुकट गेले. 'द इनोसंट्स' (१९६१) लावला आणि मला काही जाणवेचना. नंतर वाचलं की छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिस यांनी चौकटीच्या कडा अंधारात बुडाव्यात म्हणून फिल्टरच्या कडा हाताने रंगवल्या होत्या. आणि माझ्या टीव्हीवर तो अंधार राखाडी दिसत होता! तीन गोष्टी केल्या. चित्र गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंग बंद केलं. चित्राचा मोड 'व्हिविड'वरून 'सिनेमा'वर आणला. गॅलरीच्या दाराला जाड पडदा शिवून घेतला, कारण समोरच्या इमारतीचा पांढरा दिवा थेट पडद्यावर पडायचा. मग तोच सिनेमा पुन्हा लावला, हेडफोन घालून. तळ्याच्या पलीकडे उभी असलेली ती काळ्या कपड्यांतली बाई मला पहिल्या वेळी धड दिसलीसुद्धा नव्हती. दुसऱ्या वेळी ती दिसली आणि मी पाय वर घेऊन बसले. वाईट म्हणून सोडलेले चार सिनेमे त्यानंतर परत बघितले, त्यांतले दोन उत्तम निघाले.

आईबरोबर बघितलेला एकच सिनेमा, 'लपाछपी'. विशाल फुरिया यांचा २०१७चा. पुढे त्यांनीच तो हिंदीत 'छोरी' नावाने केला. घराभोवती माणसापेक्षा उंच ऊस, आणि त्यातून बाहेर पडायची वाट सापडत नाही. आई राजापूरकडची. ती भयपट बघत नाही, पण पूजा सावंत उसातून पळायला लागली तेव्हा भाजी निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, "अगो, हा चकवाच." मग लहानपणी तिच्या काकांना चकवा लागला होता, रात्रभर एकाच बांधाला फेऱ्या मारत होते, ते सगळं तिने सांगितलं. ही गोष्ट तिने मला आजवर कधीच सांगितली नव्हती. सिनेमा पुढे विषयाने जड होत जातो, पोटातल्या मुलींबद्दल आहे, आणि तिने तो शेवटपर्यंत बघितला. वहीत त्या पानावर 'कोणाबरोबर' खाली मी फक्त 'आई' लिहिलं आहे. पितृपक्षात मात्र तिने घरात असलं काही लावायचं नाही असं सांगितलं, आणि तो पंधरवडा मी वही मिटून ठेवली.

आता त्रुटी. एक, वेळ लागतो. एका सिनेमामागे अर्धा तास शोधात जातो, आणि तक्रारी वाचताना शेवट फुटायचा धोका असतोच. माझे तीन शेवट फुटले. दोन, जिथे बघायचं ठरवलं तिथे सिनेमा टिकेल याची खात्री नाही. ऑगस्टमध्ये एका ओटीटीवर यादीत ठेवलेला कोरियन सिनेमा शनिवारी रात्री लावायला गेले तर गायब. दुसऱ्या एका ठिकाणी मूळ भाषेचा आवाजच नव्हता, फक्त हिंदी डबिंग. कुजबुज डब झाली की भयपटातली निम्मी भीती जाते, त्यामुळे आता आदल्या दिवशी लावून भाषा तपासते.

तिसरी त्रुटी मोठी, आणि ती पद्धतीतलीच आहे. आपल्या भीतीप्रमाणेच शोधत राहिलं की बाकीचं दिसेनासं होतं. जॉन कार्पेंटरचा 'हॅलोवीन' (१९७८) मी सहा महिने 'धक्का, चाकूवाला' एवढं लिहून बाजूला ठेवला होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला मावसभावाने आग्रह केला म्हणून बघितला आणि माझी नोंद साफ चुकीची निघाली. त्यात रक्त जवळपास नाहीच. भर दुपारी, रिकाम्या रस्त्यावर, कुंपणाच्या झुडपाशी कोणीतरी नुसतं उभं आहे, आणि पुन्हा बघावं तर नाही. संगीत दिग्दर्शकाचंच. साधारण तीन लाख डॉलरमध्ये केलेला सिनेमा, मुखवटासुद्धा दुकानातून आणलेला, 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा, पांढरा रंगवलेला. गोष्ट ऑक्टोबरची, पण चित्रीकरण कॅलिफोर्नियात वसंत ऋतूत झालं, म्हणून पानगळीची पानं रंगवून पसरायची आणि शॉट झाला की गोळा करून परत वापरायची. मुंबईच्या उकाड्यात, पंखा पाचवर ठेवून बघतानाही ती पानगळ मला खरी वाटली. तेव्हापासून तिसरा रकाना मी पेन्सिलने भरते आणि वीस मिनिटं बघितल्यावरच पेनाने पक्का करते.

यंदा ३१ तारखेसाठी मी यादी पाठवली नाही. भावंडांच्या ग्रुपवर एकच प्रश्न टाकला: रात्री घरात एकटं असताना तुला नेमकी कशाची भीती वाटते? दोन तासांत सगळ्यांची उत्तरं आली. एवढी लांब उत्तरं त्या ग्रुपवर कोणी कधी लिहिली नव्हती. 'लिफ्ट मधेच थांबून दार उघडलं आणि समोर नुसती भिंत.' 'वरच्या बंद फ्लॅटमधून कोणीतरी चालल्याचा आवाज.' 'पहाटे पाणी यायच्या आधी नळ घरघरतो तो.' पनवेलच्या भावाने लिहिलं, बाळ पाळण्यात झोपलेलं असताना दुसऱ्या खोलीतून त्याचं रडणं ऐकू येतं ते. आठांपैकी पाच उत्तरं इमारतीच्या आवाजांची होती.

सिनेमा एकच ठरवला आहे, 'डार्क वॉटर'. राखीव म्हणून राम गोपाल वर्मांचा 'भूत' (२००३), तोही मुंबईतल्या उंच इमारतीतल्या फ्लॅटचाच. साडेआठला जेवण, साडेनऊला दिवे बंद, मोबाइल आईच्या डब्यात. डिस्कचा आवाज आणि सबटायटल दोन्ही तपासून ठेवली आहेत. मोरीच्या बाजूच्या छताला रंग द्यायला रंगारी २५ तारखेला येणार होता. त्याला १ नोव्हेंबरला बोलावलं आहे.