‘बॉक्स नाही साहेब, पण माल ओरिजिनल’

काउंटरवरचा संवाद ठरलेला असतो. लेह किंवा स्पितीची ट्रिप आठवड्यावर आलेली, गिऱ्हाईक कॅमेऱ्याची जादा बॅटरी मागतं. दुकानदार विचारतो, "ओरिजिनल देऊ की कॉपी?" निम्मं काम या प्रश्नातच होतं. जो स्वतःहून ‘कॉपी’ हा शब्द काढतो, तो ओरिजिनलबद्दल तरी खरं बोलत असणार असं गिऱ्हाइकाला वाटतं. मग ड्रॉवरमधून झिपवाल्या पिशवीतली बॅटरी बाहेर येते. "बॉक्स नाही साहेब, किटमधून काढलेली आहे, म्हणून निम्म्या भावात. पक्कं बिल पाहिजे असेल तर जीएसटी वेगळा पडेल." बॅटरी कॅमेऱ्यात घालतात, पडद्यावर १०० टक्के उमटतं, पैसे दिले जातात.

किटमधून बॅटरी काढली, तर बिनबॅटरीचा तो कॅमेरा घेतला कोणी, हे विचारायचं राहून जातं.

या फसवणुकीत दुकानदाराच्या बाजूने असतो तो काळ. बॅटरी घेतली मुंबईच्या उकाड्यात, कळतं स्पितीतल्या काझाच्या थंडीत, आणि परत येईपर्यंत बदलून देण्याची मुदत उलटलेली असते. ऑनलाइन मागवली तरी तेच: माल परत करायचे सात-दहा दिवस बॅटरी पिशवीतच पडून जातात. म्हणून खाली जे तपासायचं सांगितलं आहे, ते सगळं निघायच्या किमान तीन आठवडे आधी उरकायचं.

सुरुवात लेबलपासून करा, कारण कित्येक नकली बॅटऱ्या तिथेच पकडल्या जातात. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॅट-अवर, आणि हजार एमएएच म्हणजे एक अँपिअर-अवर, इतकंच गणित आहे. कॅननच्या एलपी-ई६एनवर ७.२ व्होल्ट, १८६५ एमएएच, १४ वॅट-अवर असं छापलेलं असतं. गुणाकार १३.४ येतो, कंपनी तो वर नेऊन १४ लिहिते. नंतरच्या एलपी-ई६एनएचवर २१३० एमएएच आणि १६ वॅट-अवर. सोनीची एनपी-एफझेड१०० २२८० एमएएच, १६.४ वॅट-अवर. निकॉनची ईएन-ईएल१५सी ७ व्होल्ट, २२८० एमएएच, १६ वॅट-अवर. आता पिशवीतल्या बॅटरीवर २८०० एमएएच लिहिलंय आणि शेजारी १४ वॅट-अवर, असं दिसलं तर ७.२ गुणिले २.८ करून बघा: वीस येतात. आकडा फुगवणाऱ्याने एमएएच बदलले आणि वॅट-अवर बदलायला विसरला. एक-अर्ध्याचा फरक राउंडिंगचा असतो, सहाचा नसतो. दोन्ही आकडे जुळवून फुगवलेले असले तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याच मापाच्या खोक्यात मूळ कंपनीला २१३० बसवता येतात, तर कोणा अनोळख्या ब्रँडला शे-दोनशे जास्त जमतील. तीन हजार नाही.

भारतात विकायच्या लिथियम बॅटरीला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर आयएस १६०४६ आणि त्याखाली ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. क्रमांक खरा पण उत्पादकच भलता, हाही प्रकार असतो, त्यामुळे क्रमांक सापडला म्हणून थांबू नका, नाव वाचा. बॉक्स असेल तर त्यावर एमआरपी, आयातदाराचं नाव-पत्ता आणि मूळ देश छापलेला असायला हवा. होलोग्रामवर मात्र फार विसंबू नये. तो छापणं बॅटरी बनवण्यापेक्षा सोपं आहे.

मग वजन. ही चाचणी कोणालाही जमते आणि थापा मारून चुकवता येत नाही. वर नाव घेतलेल्या चारही बॅटऱ्या ८० ग्रॅमच्या आसपास भरतात. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. ७६-७७ भरली तर काटाच थोडा चुकत असेल. ५५-६० भरली, तर आत लहान सेल आहेत आणि उरलेली जागा रिकामी किंवा फोमने भरलेली आहे. बाजारात जाताना खिशात मावेल असा काटा नेला तर दुकानदार बघत राहतो खरा, पण खात्रीचा माल विकणारा त्यावरून भांडत नाही.

पडद्यावरचे १०० टक्के फसवे का, ते समजून घ्यायला हवं. या बॅटऱ्यांत साधारण ३.६ व्होल्टचे दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात, आणि सोबत कॅमेऱ्याशी बोलणारी छोटी चिप. खऱ्या बॅटरीतली चिप किती करंट आत गेला, किती बाहेर आला याचा हिशेब ठेवते. नकलीतली पुष्कळदा नुसता व्होल्टेज बघून आकडा ठोकून देते. ताज्या चार्जला व्होल्टेज पूर्णच असतो, मग सेल हजार एमएएचचा असो की दोन हजारांचा. वापरायला घेतलं की खरं रूप दिसतं: शंभरावरून साठावर हळूहळू, आणि साठावरून एकदम आठवर. आत जुने, वापरलेले सेल असतील तर त्यांचा इंटर्नल रेझिस्टन्स (आतला विद्युतरोध) वाढलेला असतो. ऑटोफोकसची मोटर, शटर आणि स्टॅबिलायझर एकाच क्षणी करंट ओढतात, व्होल्टेज खाली बसतो आणि कॅमेरा बंद पडतो. पुन्हा सुरू केला तर पडद्यावर ४० टक्के दिसतात! थंडीत प्रत्येक लिथियम सेलचा रेझिस्टन्स वाढतो. चांगली बॅटरी खिशात गरम केली की सावरते, आधीच थकलेली सावरत नाही.

कॅननच्या काही कॅमेऱ्यांत परकी बॅटरी घातली की या बॅटरीवर कॅननचा लोगो आहे का, असा प्रश्न पडद्यावर येतो. आला तर पुढची चौकशी दुकानातच करा. न आल्याने मात्र काही सिद्ध होत नाही, कारण नव्या नकला तो प्रश्न चुकवतात. कॅननच्या बॅटरी माहितीच्या मेनूत रिचार्ज परफॉर्मन्सच्या तीन हिरव्या पट्ट्या असतात, निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत बॅटरी एज ० (नवी) ते ४ दिसतं. ‘नवी’ म्हणून घेतलेल्या बॅटरीत दोनच पट्ट्या किंवा एज १ दिसलं, तर ती कोणाच्या तरी कॅमेऱ्यातून निघालेली आहे.

घरी करायची खरी चाचणी एका संध्याकाळची आहे. नवी बॅटरी पूर्ण चार्ज करा. कॅमेऱ्यात फुल एचडी, २५ फ्रेम, स्क्रीनचा उजेड मधला, ऑटो पॉवर ऑफ बंद. पंख्याखाली ठेवून रेकॉर्डिंग सुरू करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. फोर-के नको, कारण काही कॅमेरे बॅटरी संपण्याआधी तापून बंद होतात आणि मोजमाप बिघडतं. जुन्या कॅमेऱ्यात २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग थांबतं, तेव्हा शेजारी बसून पुन्हा सुरू करावं लागतं. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासोबत आलेली बॅटरी घालून तीच चाचणी, त्याच सेटिंगवर. मूळ बॅटरी १२० मिनिटं चालली आणि नवी ५० मिनिटं, तर लेबलवर काय लिहिलंय हा प्रश्नच उरत नाही.

दुसरा पुरावा यूएसबी मीटरचा. काही शे रुपयांना मिळतो. अ‍ॅडॉप्टर आणि यूएसबीवर चालणारा बॅटरी चार्जर यांच्यामध्ये तो लावायचा, पूर्ण रिकामी बॅटरी चार्ज करायची आणि वॅट-अवरचा आकडा टिपायचा. चार्जरमध्ये पंधरा-वीस टक्के वाया जातात, म्हणून १६ वॅट-अवरच्या बॅटरीला मीटरवर १८ ते २० दिसायला हवेत. ९ वर हिरवा दिवा लागला, तर आत सातेक वॅट-अवर आहेत, म्हणजे हजारेक एमएएच. या आकड्याचा फोटो तक्रारीला उपयोगी पडतो. ‘बॅटरी लवकर उतरते’ या वाक्याला कस्टमर केअर ‘तुम्ही वापरता कशी त्यावर आहे’ म्हणून परतवून लावतं, मीटरच्या फोटोला तसं म्हणता येत नाही.

एक भेद स्पष्ट ठेवायला हवा. स्वतःच्या नावाने विकली जाणारी दुसऱ्या कंपनीची बॅटरी म्हणजे नकली नव्हे. नीवर, स्मॉलरिग, डिजिटेक अशा नावांच्या बॅटऱ्या त्यांच्याच लोगोने येतात आणि बिलावरही तेच नाव असतं. फसवणूक आहे ती कॅननचा किंवा सोनीचा लोगो लावून विकण्यात. प्रवासाला कॅमेऱ्यासोबतची एक, पक्क्या बिलाची कंपनीची एक आणि तपासून घेतलेली दुसऱ्या ब्रँडची एक, ही जोडणी परवडते आणि पुरते. दिवसभर व्हिडिओ करणाऱ्यांनी आणखी एक धरावी. कंपनी देते तो फोटोंचा आकडा सिपा (जपानी कॅमेरा उद्योगाची संघटना) पद्धतीचा असतो, २३ अंश तापमानातला. सोनी ए७ थ्रीला व्ह्यूफाइंडरवर ६१० फोटो मिळतात ते त्या हवेत. हिमालयात निम्मे धरून चला, जास्त मिळाले तर फायदा.

‘बॅटऱ्या कशाला, पॉवर बँक घ्या’ हा सल्लाही अर्धवट आहे. १०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टवर मोजलेली असते, म्हणजे ३७ वॅट-अवर. वाटेतलं नुकसान धरून १६ वॅट-अवरची बॅटरी तिच्यावर दीड वेळा भरते. कॅनन आर६सारख्या कॅमेऱ्याला पॉवर डिलिव्हरीवाली पॉवर बँक लागते, साध्या ५ व्होल्टवाल्याने चार्जिंग सुरूच होत नाही. निकॉनमध्येही जुन्या ईएन-ईएल१५ आणि १५ए कॅमेऱ्यातून यूएसबीने चार्ज होत नाहीत, १५बी आणि १५सी होतात. नेमक्या त्या जुन्या बॅटऱ्या ‘सगळं सेमच आहे’ म्हणत गळ्यात मारतात. विमानात जादा बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्यायच्या, बॅटरीच्या धातूच्या टोकांवर (टर्मिनलवर) टोपी किंवा चिकटपट्टी लावून. वॅट-अवर न लिहिलेली बॅटरी तपासणीत अडकू शकते.

लेन्सच्या बाबतीत फसवणूक जास्त सभ्य असते, कारण माल खरा असतो, फक्त वेगळा असतो. सर्वांत जुनी चाल कॅननच्या ५० एमएम १.८ची. नवी ‘एसटीएम’ म्हणून पैसे घ्यायचे आणि आधीची ‘टू’ (II) द्यायची. बॉक्स अदलाबदल केलेला असतो, पण लेन्स खोटं बोलत नाही: एसटीएमचा माउंट (कॅमेऱ्यात बसणारी कडी) धातूचा आणि फिल्टरचं माप ४९, ‘टू’चा माउंट प्लास्टिकचा आणि माप ५२. टोपणाच्या आतल्या बाजूचा आकडा वाचला तरी पुरे. १८-५५ घेताना नावात आयएस (स्टॅबिलायझर) आहे का ते बघा, ‘थ्री’ (III) नावाच्या लेन्समध्ये स्टॅबिलायझर नाही. निकॉन डी३५००वाल्याला ५० एमएम १.८डी देतात, ती बसते, फोटोही निघतो, पण ऑटोफोकस होत नाही, कारण त्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नाही. त्याला १.८‘जी’ हवी. आणि ‘वाइड अँगल लेन्स’ म्हणून जर पुढे स्क्रूने लावायची काच दिली, तर तो कन्व्हर्टर आहे. कडांना रंग फुटतात आणि कोपरे विरघळतात.

जुनी लेन्स घेताना एक गोष्ट दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कधीच कळत नाही. १८-५५सारख्या किट लेन्समध्ये अ‍ॅपर्चरकडे (प्रकाश आत सोडणाऱ्या, लहान-मोठ्या होणाऱ्या छिद्राकडे) जाणारी बारीक फ्लेक्स केबल झूम करून करून तुटते. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असताना लेन्स झकास चालते. अंधाऱ्या दुकानात कॅमेरा ऑटोवर असला की तो अ‍ॅपर्चर उघडंच ठेवतो, त्यामुळे डेमो कायम पास. उन्हात अ‍ॅपर्चर लहान होऊन एफ/८ आलं की कॅननवर ‘एरर ०१’. म्हणून कॅमेरा एव्ही मोडवर (अ‍ॅपर्चर आपण ठरवतो तो) घ्या, एफ/११ ठेवा आणि १८, २४, ३५, ५५ अशा प्रत्येक ठिकाणी एक-एक फोटो काढा. एरर एखाद्याच ठिकाणी येऊ शकतो. मग मोबाइलचा टॉर्च मागून मारून पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, आणि कोकण-मुंबईतला एखादा पावसाळा कपाटात काढलेल्या लेन्सला ती सहज धरते. ‘पुसून निघेल’ असं म्हणतील. आतल्या काचेवरची बुरशी लेन्स उघडल्याशिवाय निघत नाही, आणि कोटिंग खाल्लेलं असेल तर उघडूनही नाही. शेवटी भिंतीवर वर्तमानपत्र सरळ चिकटवून, कॅमेरा समोर सरळ धरून, उघड्या अ‍ॅपर्चरवर फोटो. चारपैकी एकच कोपरा धूसर आला तर लेन्स बहुधा कधीतरी पडलेली आहे. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो लेन्सवरच्या नंबराशी तिथल्या तिथे पडताळा.

फसलोच, तर आधी विक्रेत्याला लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा ईमेल बरा. ऑनलाइन खरेदी असेल तर पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ, पत्त्याचं लेबल दिसेल असा, सोबत जोडा. ऑनलाइन कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात निकाल लावायचा असतो. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तिथेही नाही तर ‘ई-जागृती’ पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. पक्कं बिल नसेल तर हे सगळं लंगडं पडतं, म्हणून जीएसटीचे वाचवलेले पैसे फार महाग पडतात.

नकली बॅटरी फुगून कॅमेऱ्यात अडकली तर स्क्रूड्रायव्हर घालू नका, सेल फुटून पेटतो. कॅमेरा बंद करा आणि सर्व्हिस सेंटरला द्या. निघालेली बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही. टर्मिनलवर सेलोटेप लावून, पत्र्याच्या डब्यात ठेवून ई-कचरा संकलनात द्या. तक्रार चालू असेल तर तोवर तीच पुरावा आहे, दुकानदाराने ‘दाखवा बघू’ म्हटलं तरी पोच घेतल्याशिवाय त्याच्या हातात देऊ नका.