पासवर्ड काढला आणि रोज सकाळी बाबांचा फोन यायला लागला

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सांगलीला बाबांच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, म्हणजे विंडोज ११ विसरा. चालतं मशीन भंगारात घालणं मला जमत नाही, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. सात महिने झाले. वेग छान, खर्च शून्य, प्रिंटरही लगेच चालला. तक्रार एकच, ऑटोमॅटिक लॉगिनची.

बाबा चौऱ्याहत्तरचे, हात थरथरतो. म्हणून मशीन पासवर्ड न विचारता थेट डेस्कटॉपवर यावं अशी सेटिंग केली. पण ब्राउझर उघडला रे उघडला की मधोमध इंग्रजी चौकट: कीरिंग (म्हणजे पासवर्ड आणि किल्ल्या ठेवायची कुलूपबंद तिजोरी) बंद आहे, पासवर्ड द्या. रोज सव्वासातला फोन, "अगं, परत ते कुलूप आलंय."

कारण कळायला मला आठवडा लागला. ब्राउझरमधले पासवर्ड ज्या किल्लीने बंद असतात ती कीरिंगमध्ये असते, आणि कीरिंग उघडतं लॉगिनच्या पासवर्डने. तो टाकलाच नाही, तर उघडणार कशाने? बोटाच्या ठशानेही हे सुटत नाही, कारण तिथेही पासवर्ड टाइप होत नाही. ठशाचं यंत्र मागवणारच होते, पैसे वाचले.

मग सगळे सांगतात तेच केलं, कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवला. सगळं उघड्यावर साठवलं जाईल अशी सूचना आली होती, तरी 'कंटिन्यू' दाबलं. फोन थांबले आणि मी सेटिंगवर खूश होते.

मार्चमध्ये पॉवर सप्लाय गेला. मशीन दोन रात्री दुरुस्तीच्या दुकानात होतं, आणि बाबांच्या पेन्शनच्या खात्याचा पासवर्ड त्याच डिस्कवर. झालं काहीच नाही, पण त्या दोन रात्री मला झोप लागली नाही. मशीन घरी येताच बँकेचे पासवर्ड बदलले, ऑटोमॅटिक लॉगिन बंद केलं, कीरिंगला पुन्हा कुलूप लावलं. ज्या चौकटीवर मी इतके महिने चिडले, ती बरोबर होती.

एक काळजी घ्या. लॉगिनचा पासवर्ड दुसऱ्या अ‍ॅडमिन खात्यातून बदलू नका. कीरिंग जुन्याच पासवर्डवर राहतं आणि चौकट परत येते. मी नेमकं तेच केलं होतं. जुना पासवर्ड वहीत होता म्हणून निभावलं. नाहीतर कीरिंग पुसावं लागतं आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड जातात.

आता बाबांचा पासवर्ड म्हणजे त्यांना लहानपणापासून पाठ असलेले चार शब्द. एका बोटाने टाइप करायला वीसेक सेकंद लागतात, मी शेजारी उभी राहून मोजलेत.