आधी साठा की आधी सॅक? पूरपट्ट्यात राहणाऱ्या दोघांसाठी

आपत्तीची तयारी करायची यावर आम्हा नवरा-बायकोचं लगेच एकमत झालं. वाद झाला तो पुढे. त्याला घरात सामान भरून ठेवायचं होतं, मला उचलून निघता येईल अशी सॅक हवी होती. दोन्ही लागतंच, पण आधी काय, हे तुमची नदी कशी चढते आणि तुम्ही कितव्या मजल्यावर राहता यावर ठरतं.

कोल्हापुरात पंचगंगा सांगून येते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, पावसाळ्यात गल्लीत पहिला प्रश्न "पाणी किती फुटांवर?" हाच. निघायला वेळ मिळतो, पण पाणी लवकर उतरत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता. उपसा केंद्रं बुडाल्यामुळे चहूकडे पूर आणि नळ कोरडे. पेट्रोल आणि दुधाचीही टंचाई. अशा ठिकाणी वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना साठाच तारतो.

चिपळूणचं उलट. २२ जुलै २०२१ ला मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली, आणि काही तासांत वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत भरलं. तळमजल्यावर रचलेला साठा अशा वेळी चिखलात जातो. तिथे आधी सॅक, यात मला शंका नाही.

साठ्याचा हिशेब सोपा आहे. पिण्यासाठी माणशी रोज ३ लिटर धरलं तर दोघांना तीन दिवसांचे १८ लिटर, म्हणजे एक २० लिटरचा जार. स्वयंपाकाचं पाणी वेगळं. भडंग, शेंगदाणे, गूळ, खजूर असं न शिजवता खाता येणारं घ्या, खात राहा आणि भरत राहा.

सॅकला खर्च कमी, पण बोलणं जास्त लागतं. आधार, रेशनकार्ड, विम्याचे कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात. नेटवर्क गेलं की यूपीआय चालत नाही म्हणून सुट्ट्या नोटा. टॉर्च, पॉवर बँक, आठवड्याची औषधं. माझी थायरॉइडची गोळी किती मायक्रोग्रॅमची, हे नवऱ्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सॅक दोन करा, प्रत्येकीत दोघांच्या कागदांच्या प्रती ठेवा, कारण पाणी येईल तेव्हा दोघं एकाच ठिकाणी असालच असं नाही. फोन लागला नाही तर कुठे भेटायचं आणि गावाबाहेरच्या कोणत्या नातेवाइकाला निरोप द्यायचा, हे कागदावर लिहा. त्याच कागदावर ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७.

तुम्ही वरच्या मजल्यावर असाल आणि साठ्यापासून सुरुवात करणार असाल, तरी कागदांचं पाकीट आज रात्रीच भरा. आणि घर सोडताना कोणी काय बंद करायचं तेही ठरवा. आमच्याकडे मेन स्विच त्याचा, गॅसचा रेग्युलेटर माझा.