मेकअप ब्रशचा सेट: बोअरच्या पाण्यात टिकेल तोच घ्या

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत, लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत ब्रशचा सेट मागितला, की बहुतेक वेळा आधी २४ किंवा ३२ नगांची रेक्झिनची गुंडाळी उलगडून समोर येते. दिसायला भरगच्च, दरही परवडणारा. तरी ती घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. अशा गुंडाळीत एकाच मापाचे चपटे आयशॅडो ब्रश पाच-सहा असतात, ओठांचे दोन-तीन असतात. ज्या दोन ब्रशवर सगळा मेकअप उभा राहतो, म्हणजे फाउंडेशनचा आणि डोळ्यांच्या खोबणीत रंग मिसळायचा, नेमके तेच विरळ केसांचे निघतात. त्यापेक्षा १० ते १२ नगांचा, सिंथेटिक केसांचा, लाकडी दांडीचा सेट घ्या. घरच्या वापराला तो पुरतोच, नव्याने लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या पार्लरच्या ताईंनाही सुरुवातीला पुरतो.

आपल्याकडे या सेटची खरी परीक्षा मोरीत होते. बोअरचं जड पाणी आणि एप्रिल-मे मधलं चाळिशी पार केलेलं ऊन या दोन गोष्टी ब्रशला जितक्या लवकर संपवतात, तितकं रोजचं वापरणंही संपवत नाही. म्हणून निवडतानाच बघायचं, की हा ब्रश धुणं सोसेल का.

ब्रशचे भाग तीन: केस, त्यांना धरणारी धातूची नळी आणि दांडी. केस नळीत गोंदाने बसवलेले असतात आणि नळी दांडीवर दाबून पक्की केलेली असते. त्या दाबाच्या खाचा नळीवर गोल फिरलेल्या दिसतात. दोन खाचा असलेली नळी शक्यतो घ्या; एकच पुसट खाच असेल तर दांडी लवकर हलायला लागते. दुकानातच एका हातात नळी आणि दुसऱ्या हातात दांडी धरून हलकेच पिळून बघा. जराही फिरली तर तो सेट ठेवून द्या. मग केस बोटांच्या चिमटीत धरून हलकं ओढा. एखाददुसरा मोकळा केस आला तर चालतं, प्रत्येक ओढीला येत असतील तर गोंद कच्चा आहे. नंतर ब्रश मनगटाच्या आतल्या बाजूला दाबून गोल फिरवा. टोचला, तर केसांची टोकं आकार देण्यासाठी कात्रीने छाटलेली आहेत. चांगल्या ब्रशमध्ये आकार केस रचतानाच दिला जातो आणि टोक निमुळतं राहतं. जपानमध्ये हिरोशिमाजवळच्या कुमानोत ब्रश बनवण्याची परंपरा याच रचण्याच्या कसबासाठी ओळखली जाते. शेवटची चाचणी रंगाची: केस गडद काळे किंवा गुलाबी असतील तर ओल्या पांढऱ्या टिश्यूवर घासून बघा. रंग उतरला, तर तोच रंग पुढे घामेजलेल्या गालावर उतरणार.

नैसर्गिक केस, म्हणजे बहुधा बकरीचे, कोरडी पावडर छान उचलतात, कारण त्या केसावर सूक्ष्म खवले असतात आणि पावडर त्यांत अडकते. पण तेच खवले फाउंडेशनही पिऊन टाकतात, धुतल्यावर उशिरा वाळतात आणि जड पाण्यात खरखरीत होतात. सिंथेटिक केस नायलॉनसारख्या धाग्याचा, गुळगुळीत असतो. क्रीम, लिक्विड, पावडर सगळं चालतं. मराठवाड्यात नैसर्गिक केसांचा पूर्ण सेट घेण्यात आम्हाला काही अर्थ दिसत नाही. फार तर एक पावडर ब्रश घ्या. आणि कुणी मुंगसाच्या केसांचा बारीक ब्रश दाखवला तर सरळ नकार द्या. मुंगूस वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे आणि त्याच्या केसांचे ब्रश विकणं हा गुन्हा आहे.

बारा नगांत काय असावं? चेहऱ्यासाठी पाच: सपाट माथ्याचा दाट फाउंडेशन ब्रश, मोठा मऊ पावडर ब्रश, तिरक्या कापाचा ब्लशर (गालाच्या लालीचा), त्याहून लहान कंटूर (गालाखाली सावली देण्याचा) आणि एक छोटा कन्सीलर (डाग झाकण्याचा). डोळ्यांसाठी पाच: एक चपटा, दोन फुगीर ब्लेंडिंग (खोबणीत रंग मिसळायचे), पेन्सिलसारखा टोकदार एक आणि लायनरचा तिरका एक. उरलेले दोन म्हणजे भुवयांचा गोल ब्रश आणि ओठांचा झाकणवाला. ब्लेंडिंग ब्रश दोन असायलाच हवेत. गडद रंगाला लावलेल्या ब्रशनेच फिका रंग मिसळायला गेलं तर पापणीवर मळकट राखाडी डाग उठतो, आणि गव्हाळ-सावळ्या त्वचेवर तो जास्तच दिसतो. सेटमध्ये एकच असेल तर दुसरा सुटा घ्या. व्हेगा, पॅक यांसारख्या भारतीय कंपन्यांचे सुटे ब्रश मिळतात.

फाउंडेशन ब्रशने ओघळ आणि रेघा का येतात, ही सर्वांत जास्त विचारली जाणारी तक्रार. बहुतेक वेळा दोष ब्रशचा नसतो. मॉइश्चरायझर मुरायला चार-पाच मिनिटं दिली नाहीत, किंवा एकाच वेळी दोन पंप चेहऱ्यावर थापले, की खालचा थर सरकतो. अर्धा पंप फाउंडेशन हाताच्या पाठीवर घ्या, ब्रशचा फक्त माथा त्यात टेकवा आणि नाकाच्या बाजूने कानाकडे ठोकत-ठोकत जा; शेवटी हलके गोल फिरवून कडा मिसळा. रंगाच्या कुंचल्यासारखा ओढायचा नाही. मे महिन्यातल्या दुपारच्या लग्नात तर आधी टिश्यूने घाम टिपल्याशिवाय ब्रश लावूच नका. ओल्या त्वचेवर फाउंडेशन फाटल्यासारखं दिसतं आणि मग कितीही पावडर मारली तरी सावरत नाही. पावडरही झाडायची नाही, दाबायची. ब्रश पावडरीत बुडवा, दांडी डबीच्या कडेवर दोनदा आपटून जास्तीची पाडा, मग कपाळ, नाक आणि हनुवटीवर दाबून बसवा.

डोळ्यांच्या ब्रशला एकच सूचना पुरे: दांडी टोकाकडे धरा. नळीजवळ धरली की हाताचा जोर वाढतो आणि रंगाची कड कठीण उमटते.

आता धुणं. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संघटना दर ७ ते १० दिवसांनी ब्रश धुवायला सांगते. घरी वापरायच्या ब्रशला हे प्रमाण ठीक आहे. पण आंघोळीचा साबण वापरू नका. आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो तो त्याचाच. साबण त्यांच्याशी जुळून न विरघळणारा चिकट साका तयार करतो आणि तो केसांच्या मुळाशी जाऊन बसतो. ब्रश वाळल्यावर ताठ, काडीसारखा होतो आणि दोष सेटला लागतो. साधा शॅम्पू हे काम नीट करतो, कारण त्यातले डिटर्जंट जड पाण्यातही साका धरत नाहीत.

पाणीही फार लागत नाही. नळाखाली धरायची गरज नाही, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घरात ते परवडतही नाही. दोन वाट्या घ्या. पहिलीत कोमट पाणी आणि चहाचा अर्धा चमचा शॅम्पू. ब्रश डोकं खाली करून फक्त केसांपुरता बुडवा, नळीत पाणी शिरू देऊ नका. तळहातावर गोल फिरवा, बोटांनी दाबून पिळा. दुसऱ्या वाटीत फिल्टरच्या जारचं स्वच्छ पाणी घेऊन खळबळा, फेस जाईपर्यंत ते बदला. बारा ब्रशना एक-दीड लिटर पाण्यात काम होतं. शेवटचं पाणी तरी फिल्टरचंच असावं, एवढा हट्ट धराच. केस आधीच ताठ झाले असतील तर एक वाटी पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून टोकं मिनिटभर बुडवा, मग फिल्टरच्या पाण्यात धुवा. क्षारांचा थर सुटतो.

वॉटरप्रूफ फाउंडेशन शॅम्पूने एकदम निघत नाही. आधी कोरड्या ब्रशला खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब लावून चोळा, टिश्यूवर पुसा, मग शॅम्पू. थंडीत खोबरेल थिजलेलं असतं, तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ करून घ्या; थिजलेले कण दाट ब्रशच्या पोटात राहतात आणि तिथूनच पुढे वास यायला लागतो.

वाळवताना ब्रश ग्लासात उभे ठेवायचे नाहीत. पाणी खाली उतरून नळीत शिरतं, गोंद भिजतो, लाकूड फुगतं आणि दांडीवरचा रंग तडकतो. टॉवेलची गुंडाळी करून त्यावर दांड्या ठेवा, म्हणजे केसांची बाजू उतरती राहील. गच्चीवरच्या उन्हात तर मुळीच नको: तापलेल्या नळीतला गोंद ढिला होतो. सावलीत, पंख्याखाली, उन्हाळ्यात दाट ब्रश पाच-सहा तासांत वाळतो. श्रावणात त्यालाच रात्र आणि दुसरा अर्धा दिवस लागू शकतो. बोटाने केसांच्या मुळाशी दाबून गार लागलं तर अजून ओल आहे, पाऊचमध्ये भरू नका.

पार्लरसाठी नियम वेगळा. एका नवरीनंतर दुसरीला तोच ब्रश लावण्याआधी धुणं झालंच पाहिजे, आणि त्यानंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा टोकांवर मारून ब्रश पूर्ण सुकू द्यायचा. न धुता नुसता फवारा मारला तर मेकअपच्या थराखाली तो पोचत नाही. डोळे आल्याच्या दिवसांत लायनरचा ब्रश सामाईक ठेवूच नये. हळदीच्या मंडपात, दिवे आणि गॅसच्या जवळ हा फवारा मारू नका, तो पेट घेतो.

ब्रश किती टिकेल, ते आधी नळी सांगते. दांडी हलायला लागली तर फेकू नका: नळी ओढून वेगळी करा, दांडीचं टोक कोरडं करून त्यावर एपॉक्सी गोंदाचा पातळ हात द्या, पुन्हा दाबून बसवा आणि २४ तास हात लावू नका. केस मात्र दर वापराला चेहऱ्यावर सुटत असतील, किंवा धुतल्यावरही फाकलेलेच राहत असतील, तर तो ब्रश बदलायचा. बहुतेक सेटमध्ये आधी फाउंडेशनचा जातो. तो एकटा सुटा घ्या, बाकीचे अकरा चालू ठेवा.