मोबदला निरंक

लाज वाटतेय लिहायला, पण लिहिते. मी २३ वर्षं बँकेत काउंटरवर आहे. "काका, वाचून सही करा" हे दिवसातून दहादा म्हणते. आणि सख्ख्या भावाने पुढे केलेला कागद मीच न वाचता सही करून आले.

दहिसरचा फ्लॅट बाबांनी स्वकष्टाने घेतलेला. मृत्युपत्र नाही, सोसायटीत नॉमिनी दादा. म्हणजे आई, दादा आणि मी, तिघांचा एकेक तृतीयांश. नॉमिनी झाला म्हणून मालक होत नाही, हे मी बँकेत लोकांना समजावून सांगते हो! दादा म्हणाला, सोसायटी शेअर सर्टिफिकेट नावावर करायला तुझी एनओसी मागतेय, एकदा रजिस्ट्रेशन ऑफिसला ये फक्त. मुलाची बारावी चालू, हाफ डे टाकून डोंबिवलीहून धावत गेले, कोण वाचत बसणार १४ पानं? आणि भावावर नाही तर कोणावर विश्वास ठेवायचा?

तिथे अंगठा झाला, फोटो झाला, आणि त्या कॉम्प्युटरवरच्या मुलाने मान वर न करता विचारलं, "हक्क सोडताय ना ताई? मोबदला निरंक?" अगदी हेच शब्द. माझ्या कानावर पडले. मी दादाकडे बघितलं, त्याने मान हलवली, मी म्हटलं हो. निरंक म्हणजे शून्य, हे काय मला कळत नाही? रोज व्हाउचरवर बघते तो शब्द! रात्री झोपेत पण तो मुलगा विचारतो आता. बरं, मला "ओळखणारे" साक्षीदार दोघंही एजंटची पोरं, मला आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. तिथेच उठायला हवं होतं.

नऊ महिन्यांनी शेजारच्या काकूंचा फोन, "अगं नवीन लोक राहायला पण आले, तुम्ही बोलला नाहीत." घर ८७ लाखांना विकलेलं. माझे २९ लाख निरंक. वर रिपेअरिंगला मी दिलेले १,१०,००० आणि २८ महिने निम्मा मेंटेनन्स १,६०० प्रमाणे ४४,८००, तेही गेले. मालकी नव्हती तर मेंटेनन्स कसला घेत होतास रे? आईची पण सही घेतलेली. ती म्हणते, "जाऊ दे, तोच सांभाळतोय ना मला."

इंडेक्स टू, म्हणजे रजिस्टर झालेल्या दस्ताचा गोषवारा, आयजीआरच्या (सरकारी नोंदणी खात्याच्या) साइटवर फुकट दिसतो, महिन्यातून एकदा बघत जा, मी नऊ महिने बघितला नाही.

पोलीस स्टेशनला तीन चकरा. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला, दुसऱ्यांदा "घरातलं भांडण आहे, समजुतीने घ्या", तिसऱ्यांदा "मॅडम हा सिव्हिल मॅटर, कोर्टात जा". अर्ज घेतला पण पोच द्यायला पाऊण तास, शिक्का सापडत नव्हता म्हणे. रजिस्ट्रेशन ऑफिसवाले म्हणाले आम्ही सही तुमची आहे का एवढंच बघतो, आत काय लिहिलंय ती जबाबदारी आमची नाही. मग त्या एसीत बसून करता काय? सोसायटीचा सेक्रेटरी, ज्याच्या मुलीच्या लग्नात मी वाढायला होते, तो म्हणतो रजिस्टर्ड हक्कसोडपत्र आलं, आम्ही ट्रान्सफर केलं. एक फोन करायला काय झालं होतं?

बहिणींनो, सोसायटीला आत्ताच पत्र द्या की आम्हीही वारस आहोत, ट्रान्सफर आधी आम्हाला कळवा, आणि पोच घ्या. एनओसी आणि हक्कसोडपत्र एक नाही. सहहिस्सेदार स्वतःचाच हिस्सा विकू शकतो, तुमचा विकायला त्याला तुमची सही लागते, म्हणून तर एवढं गोड बोलणं. मसुदा आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर मागा, नाही पाठवला तर जाऊच नका. फसवून घेतलेला दस्त रद्द करायला कळल्यापासून ३ वर्षं असतात, नात्यागोत्यातल्या मध्यस्थीत ती घालवू नका, मी मामांच्या नादाला लागून ५ महिने घालवले.

वकिलांना ४०,००० देऊन नोटीस पाठवली. परवा दादाच्या वकिलाचं उत्तर आलं. त्यात लिहिलंय, आपल्या अशील सुशिक्षित असून बँकेत नोकरीस आहेत, सबब दस्त न वाचता सही केली हे म्हणणे विश्वासार्ह नाही.