ल माँला गाडीने जायचं तर बोट पोर्टस्मथची

फ्रान्समधल्या ल माँची मोटारींची 24 तासांची शर्यत बघायला इंग्लंडमधून गाडी घेऊन जायचं असेल, तर पोर्टस्मथहून विस्त्रेआम या फ्रेंच बंदराला जाणारी रात्रीची बोट घ्या. जून 2025 मध्ये मी भाच्याबरोबर याच वाटेने गेले. नागपुरातून कोणी विचारलं की मी हेच सांगते, आणि का ते इथे सविस्तर लिहिते.

आमचं ग्रेट नाग रोडवर गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. क्लच प्लेट, ब्रेक शू, बेअरिंग यातच माझा दिवस जातो. ल माँ आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होते आणि रविवारी साडेसातला संपते, म्हणून त्या रात्री आमच्या घरात कोणी झोपत नाही. 2012 साली रेसिंग ड्रायव्हर करुण चंढोक तिथे धावला, तिथे धावणारा पहिला भारतीय. त्याची गाडी सहावी आली, आणि ही शर्यत एकदा तरी तिथे उभं राहून बघायची हे मी तेव्हाच ठरवलं. भाचा साउदम्प्टनला नोकरीला लागला तेव्हा म्हणाला, "आत्या, तू फक्त व्हिसा काढ, गाडी मी आणतो."

सीताबर्डीवरच्या एका ट्रॅव्हल एजंटने आम्हाला डोव्हर-कॅलेच घ्या म्हणून फार गळ घातली. त्याचं म्हणणं, समुद्र दीड तासात पार होतो आणि बोटी दिवसभर सुटत असतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पॅरिसला किंवा बेल्जियमच्या स्पा या रेसिंग सर्किटला जायचं असेल तर मीही डोव्हरच सांगेन. पण ल माँ फ्रान्सच्या पश्चिमेला आहे. कॅलेला उतरल्यावर पुढे चारशे किलोमीटरहून जास्त गाडी हाकावी लागते, म्हणजे नागपूरहून समृद्धीने निघून जालना ओलांडल्यासारखं. विस्त्रेआमहून ल माँ साधारण 170 किलोमीटर, आपल्या अमरावतीपेक्षा जरासं लांब. त्यात साउदम्प्टन ते पोर्टस्मथ अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता, तर डोव्हर गाठायला लंडनच्या खालून अख्खा दक्षिण इंग्लंड पार करायचा. फोकस्टनहून समुद्राखालच्या बोगद्यातली, गाड्या नेणारी शटल रेल्वे 35 मिनिटांत नेते, पण तीही कॅलेजवळच सोडते. पाण्यावर वाचलेला वेळ रस्त्यावर दुप्पट जातो, आणि रस्त्यावरच्या वेळेत कोणालातरी जागं राहून स्टिअरिंग धरावं लागतं.

आपल्या पासपोर्टवाल्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे. डोव्हर आणि फोकस्टनला फ्रान्सचे अधिकारी इंग्लंडच्या भूमीवरच बसतात, त्यामुळे शेंगेन व्हिसाची (फ्रान्ससकट युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या व्हिसाची) तपासणी पलीकडे उतरल्यावर होण्याऐवजी बोटीच्या आधीच, रांगेत होते. गर्दीच्या दिवशी ती लांबली तर तुमची बोट निघून जाऊ शकते. पोर्टस्मथला बोटीची कंपनी चेक-इनच्या वेळी व्हिसा बघते आणि फ्रान्सची तपासणी पलीकडे उतरल्यावर होते. म्हणजे वेळ लागला तरी तुम्ही फ्रान्सला पोचलेले असता. ऑक्टोबर 2025 पासून युरोपने सीमेवर संगणकीय नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे, त्यामुळे हा फरक आता आणखी महत्त्वाचा झाला. व्हिसा फ्रान्सचाच काढा. यूकेचा व्हिजिटर व्हिसा सहसा मल्टिपल एंट्री असतो, पण परत यायचंय म्हणून तो स्वतः वाचून खात्री करा.

आता पोर्टस्मथची ती संध्याकाळ. शर्यतीच्या आठवड्यात बंदरावरच्या गाड्यांच्या रांगा हेच एक प्रदर्शन असतं. आमच्या पुढे एक जुनी पोर्शे, बाजूला दोन कॅटरहॅम स्पोर्ट्स कार, मागे छतावर तंबू बांधलेली स्टेशन वॅगन. लोक इंजिन बंद करून खाली उतरतात आणि एकमेकांच्या गाड्या बघत फिरतात. मी एका ॲस्टन मार्टिनच्या चाकाशी वाकून ब्रेकची डिस्क बघत होते. तिच्या म्हाताऱ्या मालकाने मी काय बघतेय ते ओळखलं, टॉर्च काढून दिला आणि कॅलिपर कधी बदलला, पॅड कुठले लावले ते सगळं सांगत बसला. त्याला माझं इंग्रजी आणि मला त्याचं इंग्रजी अर्धंच कळत होतं, पण कॅलिपरवर आमचं पूर्ण एकमत झालं. पंचवीस वर्षं काउंटरवर बसल्याचा एवढा आनंद मला क्वचितच झाला असेल.

मग रांग हलते. लोखंडी रॅम्पवरून गाडी चढताना चाकांखाली खणखण आवाज येतो. आत पिवळं जॅकेट घातलेला माणूस हाताने खुणा करत एकेक गाडी इतकी चिकटून लावून घेतो की दार जेमतेम उघडतं. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची, अलार्म बंद करायचा, नाहीतर बोट हलली की तो रात्रभर वाजेल. बोट चालू असताना खाली गाडीपाशी जाता येत नाही, म्हणून रात्रीचे कपडे, औषधं, पासपोर्ट आणि चार्जर एका पिशवीत आधीच वेगळे काढून ठेवा. पेट्रोलचे भरलेले कॅन नेता येत नाहीत, आणि तंबूत स्वयंपाकासाठी गॅसची टाकी असेल तर ती आधी सांगावी लागते. छतावर बॉक्स लावला असेल तर बुकिंग करताना उंची खरी सांगा, भाडं त्यावरही ठरतं.

हा मार्ग ब्रिटनी फेरीजचा आहे. त्यावर माँ सें मिशेल ही जुनी बोट आणि 2025 साली आलेली गियोम द नॉर्मंडी अशा दोन मोठ्या बोटी चालतात. रात्रीची बोट पावणेअकराच्या सुमारास सुटते आणि सकाळी पावणेसातच्या आसपास पोचते, पण फ्रान्सचं घड्याळ एक तास पुढे, त्यामुळे झोपायला प्रत्यक्षात पाच-साडेपाच तासच हाती येतात. एवढ्यासाठी केबिन कशाला असं वाटू शकतं. माझं ठाम मत: केबिन घ्याच. सकाळी उठून लगेच रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायची असते आणि पुढच्या रात्री तर झोप मिळणारच नसते. शर्यतीच्या आठवड्यातल्या केबिन फार लवकर संपतात. बोटीची सवय नसलेल्या आपल्यासारख्यांनी उलटीची गोळी बोट सुटायच्या आधीच घ्यावी. आणि नागपूरच्या 45 अंशांतून आलेल्या माणसाने डेकवर जायला जाड जॅकेट ठेवावं. जून असला तरी रात्री वारा बोचतो.

खायचं काय, हा प्रश्न शाकाहारी माणसाला पडतोच. तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि चिवडा बरोबर घ्या. पण इंग्लंडमधून युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून मी इथून नेलेली संत्रा बर्फी भाच्याच्या घरीच संपवली.

विस्त्रेआमला उतरलं की काँ शहराला वळसा घालून फालेझ, तिथून ए88 हायवे, मग ए28 धरून आलाँसाँवरून ल माँ. दोन तासांचा सरळ, मोकळा रस्ता. हा तोच किनारा जिथे 6 जून 1944 ला ब्रिटिश सैन्य उतरलं. बंदरातून निघाल्यावर थोड्याच अंतरावर पेगॅसस ब्रिज आहे, तिथे थांबून कॉफी प्यायला हरकत नाही. इंग्लंडची गाडी आपल्यासारखी उजव्या स्टिअरिंगची, आणि फ्रान्सच्या टोलनाक्यावरचं मशीन डावीकडे. म्हणजे तिकीट घेणं, कार्ड लावणं हे सगळं डाव्या सीटवरच्याचं काम. मी ते मन लावून केलं. हायवेवर 130 ची मर्यादा आहे, पावसात 110. त्या आठवड्यात पोलीस जागोजागी उभे असतात. हेडलाइटवर लावायच्या पट्ट्या, त्रिकोण आणि चमकणारं जॅकेट गाडीत हवंच. गाडी तुम्ही चालवणार असाल तर नागपूर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या.

बाकीच्या मार्गांचंही सांगते. पोर्टस्मथ-ल हाव्र हाही चांगला पर्याय आहे, थोडं अंतर वाढतं. पण तिथून येताना ए13 लागतो आणि त्यावर आता टोलनाके काढून टाकलेत. कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे 72 तासांत ऑनलाइन भरायचे, नाहीतर दंड. शर्यतीच्या धावपळीत हे विसरायला होतं. न्यूहेवन-दिएप चार तासांचा, ब्रायटनच्या बाजूला राहणाऱ्यांना सोयीचा. शेर्बूर मला पटला नाही, तिथून ल माँ बरंच दूर पडतं. एक दिवस जास्त असेल आणि झोप पूर्ण हवी असेल तर मात्र पोर्टस्मथ-सें मालो बघा: जवळपास अकरा तासांची रात्र, आणि रेनपर्यंतच्या रस्त्याला टोल नाही. वय झालेल्या मंडळींना घेऊन जाणार असाल तर मी तोच सुचवेन.

परतीबद्दल माझा आग्रह एकच आहे. शर्यत रविवारी दुपारी चारला संपते आणि कागदावर रविवारी रात्रीची बोट सहज मिळेल असं दिसतं. ती घेऊ नका. तीन लाखांहून जास्त माणसं एकाच वेळी त्या सर्किटमधून बाहेर पडत असतात आणि गाडी चालवणारा दीड दिवस जागा असतो. त्या वर्षी विजेत्या रॉबर्ट कुबिकाच्या पिवळ्या फेरारीने रेषा ओलांडली तेव्हा भाच्याचे डोळे लाल झाले होते. आम्ही तंबूतच झोपलो, सोमवारी उन्हं वर आल्यावर निघालो आणि दुपारची बोट पकडली. दिवसाची बोट सहा तासांची, डेकवर बसायला मोकळी जागा, आणि त्या दिवशी तिथे बसलेला जवळजवळ प्रत्येक जण गळ्यातला पास न काढताच झोपला होता.